आपला मूक सोबती : गाढव व खेचर यांचा अल्प इतिहास

स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची मला यंदा आज्ञा झाली. आपल्या कुंभार समाजाचा इतिहास म्हटला म्हणजे तेरच्या गोरोबाकाकांचे चरित्र, चाकाची प्राचीनता, उत्खननात सापडलेली मातीची भांडी हे विषय नेहमी येतात, आणि ते यावेतही. तथापि ज्याच्या पाठीवरून ही सारी माती पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात आली, त्या प्राण्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या स्मरणात नाही. कारण उघड आहे. त्याचे नाव काढण्याची आपणांस लाज वाटते. ती मलाही पुष्कळ वर्षे वाटली. म्हणून हा लेख काही अंशी प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहे, हे प्रथमच सांगून टाकतो.

माझे बालपण दर्यापूर तालुक्यात पूर्णाकाठच्या एका खेड्यात गेले. वडिलांजवळ दोन गाढवे होती. दिवाळी सरली की माती वाहण्याचे काम सुरू होई, ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत चाले. शाळेत मुले मला ‘गाढववाला’ म्हणत. पुढे मी स्वतः शिक्षक झालो, आणि नवल असे की, ज्या शब्दाने मी रडलो होतो तोच शब्द वर्गात सर्रास वापरू लागलो. पाढे चुकले की ‘गाढवा’, शुद्धलेखन चुकले की ‘गाढवा’! एके दिवशी आपल्याच समाजातील एका मुलाने खाली मान घालून विचारले, “गुरुजी, आमच्या घरी दोन गाढवं आहेत. ती काय वाईट असतात?” मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचीत आलो. त्याचे सार समाजबंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आपल्या मनात एक कल्पना घट्ट बसली आहे, ती ही की गाढव म्हणजे कमी प्रतीचा घोडा. ही कल्पना मुळातच चुकीची आहे. दोघे एका कुळातले खरे, परंतु त्यांचे देश निराळे व स्वभावही निराळे. आजच्या पाळीव घोड्यांचा वंश वोल्गा व डॉन या नद्यांच्या प्रदेशातील गवताळ मैदानांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पसरू लागला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. गाढव मात्र पूर्व आफ्रिकेत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी माणसाळले, असा २०२२ सालच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. म्हणजे ज्याला आपण घोड्याचा गरीब भाऊ समजतो, तो माणसाच्या सेवेत त्या घोड्याहून कितीतरी आधी आला. कच्छच्या लहान रणात दिसणारे रानगाढव आशियाई जातीचे आहे. ते आपल्या गाढवाचे पूर्वज नव्हे.

घोड्याच्या मूळ देशात चारा विपुल, कळप मोठे. संकट दिसले की साऱ्या कळपाने उधळावे, हेच त्याचे संरक्षण. गाढवाचे पूर्वज रुक्ष व खडकाळ वाळवंटातले. तेथे चारा विरळ, म्हणून जनावरे पांगून चरत. दगडधोंड्यांतून आंधळेपणाने धावणाऱ्याचा पाय मोडलाच म्हणून समजावे. म्हणून भय वाटताच थबकावे, कान टवकारावे, समोरची वस्तू निरखावी आणि मगच पाऊल टाकावे, ही रीत त्याच्या रक्तात उतरली. नाल्यावर नवी फळी टाकलेली असली की आमची गाढवे तिच्यासमोर खिळून उभी राहत. मी काठी उचलली की वडील म्हणत, “त्याले पाहू दे, मंग येईन तो.” आणि घटकाभराने ते खरोखरच येई. घोडा भ्याला की पळतो, त्याला आपण चपळ म्हणतो; गाढव भ्याले की विचार करते, त्याला आपण हट्टी म्हणतो!

शरीराची ठेवणही याच देशाला साजेशी आहे. लांब कान दूरचा आवाज टिपतात व अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासही उपयोगी पडतात. ज्या ओरडण्याची सर्व जग थट्टा करते, ते पांगलेल्या सोबत्यांना फार लांबून ऐकू जावे म्हणून आहे. खूर अरुंद, उभे व चिवट, दगडावर टिकणारे. शेपूट घोड्यासारखे केसाळ नसून गाईसारखे, टोकाला गोंडा असलेले. आयाळ आखूड व उभी. घोडी सुमारे अकरा महिन्यांनी विते, गाढवी सुमारे बारा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा. कडब्यासारख्या जाड्याभरड्या चाऱ्यावर गाढव गुजराण करते. उलट घोड्याचा सकस खुराक त्याला सतत घातला तर ते बेढब होऊन पायांनी अधू होते. तहान ते पुष्कळ सोसते, परंतु घाणेरडे पाणी सहसा पीत नाही. याउलट पाऊस त्याला मानवत नाही. त्याच्या केसांवरून पाणी घोड्याप्रमाणे निथळत नाही आणि आपल्या वऱ्हाडच्या काळ्या चिखलात त्याचे खूर कुजतात. पावसाळ्यात त्याला कोरड्या जागेत बांधावे, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते.

गाढव व घोडा यांतील सर्वांत मोठा भेद मी पुस्तकांतून शिकलो नाही. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात वडील परगावी गेले होते. सकाळी एक गाढव मान खाली घालून उभे होते. चारा हुंगून सोडून देत होते. मला वाटले, कामचुकारपणा करीत आहे. मी त्याच्यावर गोणी टाकली, माती भरली आणि दरडीवरून काठीने हाकीत आणले. ते आले. एकदाही कण्हले नाही. सायंकाळी ते आडवे झाले आणि पहाटे गेले. दुसरे गाढव त्याच्याजवळ उभे राहिले, ते ओढून नेईपर्यंत हलले नाही, आणि पुढे कित्येक दिवस नीट खाईना. वडील परतल्यावर मला मारतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “गाढवाचं दुखनं दिसत नाई, पाहा लागते.”

पुढे वाचनात आले की हे शास्त्रानेही खरे आहे. पोटात कळ आली तर घोडा लोळतो, पाय झाडतो. गाढव दुखणे लपविते. म्हणून ते किंचित मंद दिसले किंवा त्याने चारा टाकला, तरी तो मोठ्या आजाराचा इशारा समजावा. उपाशी राहिलेल्या गाढवाच्या रक्तात चरबी उतरते व थोड्याच दिवसांत ते दगावू शकते. सोबत्याचा त्याला लळा असतो. जोडीतील एक मेले तर दुसऱ्याला काही काळ त्याच्याजवळ राहू द्यावे, असे आजचे पशुवैद्यही सांगतात.

आता खेचराविषयी. बाप गाढव व आई घोडी यांची संतती म्हणजे खेचर. याच्या उलट, बाप घोडा व आई गाढवी असली तर जे शिंगरू होते त्यास इंग्रजीत ‘हिनी’ म्हणतात. आपल्याकडे त्यालाही खेचरच म्हणतात. ते बहुधा आकाराने लहान व पुष्कळ दुर्मिळ असते, कारण गाढवीला घोड्यापासून गर्भ राहणे अवघड. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. या दोहोंच्या मिश्रणाची ६३. त्यांची जोडी नीट जुळत नाही, म्हणून खेचर वांझ असते. अपवाद अगदी विरळा. मात्र आईचे बळ व बापाचा सावधपणा त्याच्यात एकत्र येतो. डोंगरातील अरुंद वाटेवर म्हणूनच सैन्याला घोड्यापेक्षा खेचर भरवशाचे वाटले. भारतीय सेनेतील ‘पेडोंगी’ नावाची खेचरी १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती पडली असता पाठीवरील ओझ्यासह आपल्या बाजूस परत आली. तिचा पुढे सन्मान झाला व १९९८ साली ती मरण पावली.

प्राचीन काळी या प्राण्यांना आजची अवकळा नव्हती. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या रथाला रासभ, म्हणजे गाढव, जोडलेले आहे. संस्कृतात खेचराला ‘अश्वतर’ म्हणतात. छांदोग्य उपनिषदात जानश्रुती राजा रैक्वाला खेचरींचा रथ अर्पण करतो, आणि एका थोर उपनिषदाचे नावच ‘श्वेताश्वतर’ आहे. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अग्निचयन यज्ञातील आहे. त्या यज्ञातील उखा नामक पवित्र मृत्पात्रासाठी माती आणावयाची, तेव्हा घोडा, गाढव व बोकड हे तीन पशू बरोबर नेत. आणि तैत्तिरीय परंपरेत मातीचा भार गाढवावर ठेवीत. म्हणजे ‘माती, मडके आणि गाढव’ ही सांगड वेदकाळापासूनची आहे. ती आपल्या दारिद्र्याने निर्माण केलेली नाही.

पुढे मात्र दिवस पालटले. शिलाहार व यादव काळातील दानलेखांवर ‘गधेगाळ’ कोरली गेली. अपराध्याची धिंड गाढवावरून काढू लागले. सुमारे १६३० साली मुरार जगदेवाने पुणे बेचिराख करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला, असे सांगतात. शिव्या, शाप, शिक्षा या सर्वांत गाढव आले, आणि ज्यांच्या दारी ते बांधलेले होते त्यांच्याकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागले. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातिविषयक ग्रंथातही गाढवाच्या संगतीने कुंभाराला येणाऱ्या कमीपणाची नोंद आहे. परीट, बेलदार, वडार या आपल्या बंधुसमाजांनीही हेच सोसले. जनावराचे मोल त्याच्या कामावरून न ठरविता घोड्याच्या मापाने ठरविले. माणसांचेही तसेच केले. अपवाद संतांचा. एकनाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण मुलांना सांगतो. परंतु तिचा बोध घेत नाही.

आणखी एक गोष्ट तरुणांस ठाऊक नसेल. आपले वडील मातीत गाढवाची लीद मिसळीत. आव्यात ती जळून जाई व भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहत. त्या छिद्रांतून पाणी पाझरे व वाऱ्याने सुके, म्हणून वैशाखातही माठातले पाणी गार राही. अमरावती-अकोल्याच्या उन्हात ज्यांनी ज्यांनी ते पाणी प्यायले, त्यांच्यावर या उपेक्षित प्राण्याचेही थोडे उपकार आहेत.

आज माती ट्रॅक्टरने येते, आणि ते योग्यच आहे. कष्ट कमी झाले याचा कोणास खेद असावा? परंतु देशातील गाढवे २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार होती, ती २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजार उरली. खेचरे सुमारे २ लाखांवरून ८० हजारांवर आली. यंत्रे आली, वीटभट्ट्यांची कामे बदलली, कातड्याच्या व मांसाच्या व्यापाराचेही नाव घेतले जाते. मढी व जेजुरीच्या यात्रांतील गाढवांचे बाजार आपल्या वडिलांनी पाहिले. आपल्या नातवंडांना ते पाहावयास मिळतील किंवा नाही, कोण जाणे.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. ज्यांच्या दारी अजून हे जनावर आहे, त्यांनी त्याला एकटे ठेवू नये, पावसात निवारा द्यावा आणि त्याने चारा टाकला तर त्याच दिवशी पशुवैद्याला गाठावे. अकोल्यास पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. आपल्या मुलामुलींपैकी कोणी त्या विद्येकडे वळले आणि या मुक्या प्राण्याचे दुखणे ओळखू लागले, तर पूर्वजांचे थोडे ऋण फिटेल. दुसरी विनंती माझ्या शिक्षकबंधूंस आहे. मुलाला त्या नावाने हिणवू नये.

त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. तो आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. ही स्मरणिका कदाचित त्याच्या हाती पडेल. बाळा, ती वाईट नसतात. तुझे गुरुजी चुकले होते.