पिंजरा लावला, मग पुढे काय झालं? : मुंबई-ठाण्याच्या बिबट्यांचा इतिहास

आजचा भाग खरं तर एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमुळे झाला. मी ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेतीनला आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटवरच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. बारा-तेरा सेकंदांचा व्हिडिओ. भिंतीवर चढला, इकडेतिकडे बघितलं, पलीकडे उतरला. बस. सकाळी आठपर्यंत ग्रुपवर शंभर मेसेज आणि संध्याकाळी वनखात्याला द्यायचं पत्र तयार: पिंजरा लावा, पकडा आणि लांबच्या जंगलात सोडून या. त्या पत्रावर माझीही सही आहे, हे आधीच सांगतो.

वनखात्याची माणसं आली, ठसे बघितले आणि म्हणाली, "साहेब, पिंजरा लावला तर तुमचाच त्रास वाढेल." मला वाटलं, काम टाळतायत. म्हणून चिडून वाचायला बसलो आणि मग सुट्टीचे तीन-चार दिवस त्यातच गेले.

सुरुवात पाण्यापासून करू. मुंबईच्या मधोमध १०४ चौरस किलोमीटरचं जंगल कसं काय टिकलं? वन्यप्राण्यांच्या प्रेमापोटी नाही. एकोणिसाव्या शतकात शहर वाढत होतं आणि विहिरी, टाक्या पुरत नव्हत्या. म्हणून साष्टीच्या डोंगरात १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावं म्हणून आजूबाजूची झाडी राखली गेली. म्हणजे शहराच्या तहानेमुळे जंगल वाचलं. पुढे त्याचंच बोरिवली नॅशनल पार्क झालं आणि नंतर 'संजय गांधी राष्ट्रीय उद्यान' हे नाव आलं.

या जंगलात वाघही होते. १९२९ मध्ये विहार तलावाजवळ वाघ मारल्याची नोंद आहे. आमच्याच रस्त्यावर वाघबीळ नावाचा स्टॉप आहे, आणि मी रोज तिथून जाताना ट्रॅफिकला शिव्या देतो, नावाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. वारली पाड्यांवर वाघोबाचं ठाणं असतं, तिथे वाघ आणि बिबट्या असा फरक फारसा करत नाहीत. दोघेही शेजारी.

वाघ गेला, बिबट्या राहिला. कारण सोपं आहे: वाघाला मोठं सावज आणि मोठं जंगल लागतं, बिबट्याला काहीही चालतं. ससा, उंदीर, डुक्कर, कुत्रा. शहर जंगलाला चारी बाजूंनी भिडलं, कचऱ्याचे ढीग झाले, ढिगांवर कुत्री आली आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. या साखळीत आपला वाटा कुठला, ते वेगळं सांगायला नको.

आता जुन्नर. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं आणि कोरडवाहू शेतात ऊस उभा राहिला. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला उसासारखी जागा नाही: दाट, थंड आणि कित्येक महिने माणूस आत शिरत नाही. बिबटे दिसू लागले, शेळ्या-कुत्री जाऊ लागली आणि २००१ पासून पिंजरे लावून त्यांना उचलून दुसऱ्या जंगलात सोडायची मोहीमच सुरू झाली. हेतू चांगला होता. मारायचं नाही, फक्त हलवायचं.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचे आकडे नंतर तपासले. मोहिमेआधी जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहिमेच्या काळात ते सतरा झाले. हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. मी हे वाक्य तीनदा वाचलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले एका ठिकाणचा बग दाबतो आणि तो दुसरीकडून वर येतो, तसा प्रकार. फरक इतकाच की इथे उसाच्या कडेला खेळणारी पोरं होती.

असं का झालं असावं? बिबट्याला स्वतःचा इलाका असतो. तिथली माणसं कधी कुठे असतात, हे त्याला ठाऊक असतं आणि तो त्यांना टाळत जगतो. पिंजऱ्यात दिवस काढलेला, बिथरलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला की त्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो घराकडे निघतो, वाटेत गावंच गावं. इकडे रिकाम्या झालेल्या इलाक्यात दुसरा, बहुधा तरुण बिबट्या येतो. म्हणजे बिबटे कमी होतच नाहीत.

मुंबईतही तेच चालू होतं. वस्त्यांजवळून पकडायचे आणि उद्यानात सोडायचे. २००४ च्या एकट्या जून महिन्यात मुंबईत दहाच्या आसपास माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. बरेचसे उद्यानाच्या कडेला राहणारे गरीब लोक. घरात संडास नसल्यामुळे अंधारात बाहेर जावं लागणं, हा या इतिहासाचाच भाग आहे, आणि फ्लॅटमध्ये बसून 'बिबट्यासोबत जगायला शिका' म्हणताना आपण तो विसरतो.

मग येतो आजोबा. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्क आणि शांत, म्हणून नाव आजोबा. जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. त्यानंतर महिन्याभराच्या आत गडी सुमारे १२० किलोमीटर चालून, हायवे आणि रेल्वेलाइन ओलांडून, वसईची खाडी पोहून संजय गांधी उद्यानात पोहोचला. वाटेत एकाही माणसाला हात लावला नाही. त्याच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला.

२०११ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या: दिसला म्हणून पकडू नका. त्याच वर्षी मुंबईत वनखातं, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू केलं. कचरा उचला, दिवे लावा, मुलांना रात्री एकटं सोडू नका, असलं साधंच सांगणं. हल्ले खूप कमी झाले. संपले नाहीत, २०२१ मध्ये आरेत पुन्हा झाले. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत उद्यान आणि आसपास ३५ बिबटे होते, २०१८ मध्ये ४७. इतक्या गर्दीच्या शहरात!

आणि आजोबा? डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदरजवळ गाडीखाली आला. कॉलर तोवर बंद पडली होती, शरीरातल्या चिपवरून ओळख पटली. सव्वाशे किलोमीटर चालून आलेला प्राणी आमच्या रस्त्यावर मेला.

आमच्या पत्राचं पुढे काही झालं नाही, पिंजरा लागला नाही. मी दुसरं पत्र लिहिलं, या वेळी सोसायटीच्या कमिटीला: मागच्या गेटबाहेर हॉटेलवाल्याचा ओला कचरा पडतो, तो थांबवा आणि तिथला बंद पडलेला दिवा बदला. ग्रुपवर टाकलं. चार अंगठे आले. दिवा बदललाय, कचऱ्याचं अजून चाललंय.