वाट आणि वहिवाट

पायवाट, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता. शेताकडे जाणाऱ्या रस्त्यांची ही प्रतवारी बोलीने केली, आणि मोजणी खात्याने ती रेषांत उतरवली. गावनकाशावर एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी ८.२५ फूट, दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६.५ ते २१ फूट. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि सोळा आण्यांची असे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा; असे ४० गुंठे म्हणजे एकर. पायमार्गाची रुंदी बरोबर पाव साखळी भरते आणि गाडीमार्गाची निदान अर्धी. ज्या मापाने सारा ठरला, त्याच मापात बैलगाडीची वाटही बसली.

१८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात जी मोजणी-पद्धत रुजवली, तिने प्रत्येक शेताला क्रमांक आणि कायम हद्दखुणा दिल्या. हेतू साऱ्याचा होता. कोणते शेत कोणाचे हे त्या नकाशाने चोख सांगितले. त्या शेतात जायचे कसे, हे मात्र तुटक रेषांपुरतेच सांगितले. जी वाट नकाशावर चढली नाही, ती शेजाऱ्याच्या संमतीवर चालत राहिली.

पुढे वाटण्या झाल्या. भावाभावांत पट्टे पडले आणि आतला पट्टा रस्त्यापासून तुटला. कायद्याने यावर वेगवेगळ्या काळी उत्तरे शोधली. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने गरजेपोटीचा मार्ग मान्य केला, तसाच २० वर्षांच्या अखंड, उघड वापरातून जन्मणारा हक्कही. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याने अडवलेली जुनी वाट मोकळी करण्याचा अधिकार तालुक्याला दिला. १९६६च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ त्याहून पुढे जाते. वाट पूर्वी नसली, तरी दुसऱ्याच्या हद्दीवरून ती मागता येते. तहसीलदाराने मात्र शेतकऱ्याची वाजवी गरज पाहायची.

येथे ‘हद्दीवरून’ हा शब्द आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. जो बांध दोन शेते वेगळी करतो, त्याच्यावरूनच कायदा वाट नेतो. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या समाजाला तो सांगतो, की भांडणाची जागा हीच ये-जा करण्याचीही जागा आहे. हुकूम झाला तरी बांधाच्या दोन्ही अंगांची थोडी थोडी जमीन सुटावी लागते. ज्याच्या शेताला आधीच रस्ता आहे, त्याला हे नुकसानच वाटते, आणि ते अगदीच खोटेही नसते.

बैलगाडीला पुरणारी वाट ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला पुरत नाही. २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असे ठरवले. एवढ्या काळानंतर वाट कागदावर येऊ लागली, ती मालकीच्या रकान्यात नव्हे, ‘इतर’ हक्कांत. हे आम्हांला उचितच वाटते. शेतरस्ता कोणी एकट्याने बांधला आणि एकट्याचाच ठेवला, तर तो पुढच्या वाटणीत पुन्हा अडतो.

‘वहिवाट’ या शब्दात मराठीने वापर आणि हक्क एकत्र ठेवले आहेत. आणि त्या शब्दाच्या पोटात ‘वाट’ स्पष्ट ऐकू येते. जी चालती राहते ती वाट, आणि तिच्यावर दुसऱ्यालाही चालू देणे हीच तिची खरी नोंद.