चांदीची दौत आणि कागदीपुरा

शनिवारवाड्यासमोर उभे राहिले की आपल्याला भाला-तलवार आठवते. दौत आठवत नाही. वास्तविक १७३२ साली उभ्या राहिलेल्या या वाड्यातला कारभार लेखणीच्या जोरावरही चालला. हा वाडा ज्या शनिवार पेठेत आहे, तिचे जुने नाव मुर्तुजाबाद, हेही आज थोड्यांनाच ठाऊक असते.

साध्या कारकुनापुढे पितळी दौत असे. सरदार-सावकारांच्या बैठकीत चांदीची. लांबट कलमदानात बोरू, त्यालाच जोडलेली दौत, शाई सांडू नये म्हणून दौतीत चिंधी आणि ओली अक्षरे सुकवायला वाळूची डबी, असा सारा सरंजाम. यात चांदीपेक्षा अधिकाराला मोल होते. मोगल दरबारात वजिराला रत्नजडित दौत मिळे. ती त्याच्या पदाची खूणच होती.

इस्लामने कलमेला मोठा मान दिला. कुरआनातील एका सूरेचे नावच ‘अल्-कलम’ आहे. मात्र सोन्याचांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्यास मनाई असल्याने अनेक फकिहांनी चांदीची दौतही नापसंत ठरवली. बीदरी कलमदानात चांदी दिसते ती काळ्या धातूवरच्या नाजूक नक्षीपुरती.

आता शब्द पाहू. दौत आणि कलम मुळात अरबी. शाई आणि कागद फारसीतून आलेले. फडणीस म्हणजे फर्दनवीस. राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दौत मराठीतून गेली नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी दौत-लेखणीची पूजा करीत आले. त्या जोडीतला एक शब्द अरबी, दुसरा संस्कृत. पूजा करणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.

आणि कागद? जुन्नर, दौलताबादजवळचा कागदीपुरा, पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा येथील मुस्लिम कागदी लगदा कुटत, ताव उचलत, दगडाने घोटून गुळगुळीत करीत. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा टिकला नाही. पुण्यात आज पेठेतल्या वस्तीचे नाव तेवढे उरले आहे.

चांदीची दौत मोडीत गेली की तिची आठवणही वितळते. पण पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आजही आहेत. त्यांतील मोडी वाचणारे अक्षर पाहतात, शिक्का पाहतात, सही ओळखतात. कागद कुणी केला, हे सहसा कुणी विचारत नाही. मराठीच्या इतिहासात आपण कुठे आहोत, असे जेव्हा आम्हाला विचारले जाते, तेव्हा आम्ही एवढेच म्हणावे : ते पान उजेडाकडे धरून पाहा.