आपली नावे : त्यांचे अर्थ आणि त्यांचा इतिहास

इतिहास म्हटला की राजेरजवाडे, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. ज्यांच्या घराण्यात ताम्रपट किंवा सनदा होत्या, त्यांचा इतिहास लिहिला गेला. आपल्यासारख्या विणकर समाजाची बखर मात्र कोणी लिहिली नाही. पूर्वजांनी विणलेली लुगडी आणि धोतरे केव्हाच जीर्ण होऊन गेली, हातमागही बहुतेक घरांतून नाहीसे झाले. तथापि एक ठेवा प्रत्येक घरात, अगदी गरिबाच्याही घरात, पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. तो म्हणजे माणसांची नावे. ही नावे नीट वाचता आली तर आपण कोठून आलो, कोणत्या देवाला भजत होतो, कशाला भीत होतो आणि पुढे काय होऊ इच्छीत होतो, हे सर्व त्यांतून कळते. या लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्याकडे नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक मानला आहे. पारस्कर गृह्यसूत्रात पित्याने दहाव्या दिवशी नाव ठेवावे, मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असे नियम दिले आहेत. मराठीतील 'बारसे' हा शब्द बाराव्या दिवसाची आठवण देतो, आणि आपल्या घरांतून अजून ऐकू येणारा तेलुगू 'बारसाल' हा शब्द त्याचाच भाऊबंद दिसतो. मनुस्मृतीने मात्र यात वर्णभेद आणला. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तिरस्कारवाचक असावे, असे तीत सांगितले आहे. म्हणजे पाळण्यातल्या अर्भकाची प्रतिष्ठा त्याच्या कानात सांगितलेल्या नावानेच ठरवून टाकावयाची! हा नियम लोकांनी पूर्णपणे मानला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. भागवतातील अजामिळाने मरणसमयी मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि तेवढ्याने तो तरला, ही कथा घरोघर सांगितली गेली. मुलाला हाक मारता मारता देवाचे नाव तोंडी यावे, या भावनेने राम, कृष्ण, विठ्ठल, लक्ष्मी ही नावे सर्व जातींच्या अंगणांत पोहोचली.

ही भावना केवळ आपलीच आहे असे नाही. संस्कृतात 'देवदत्त' म्हणजे देवाने दिलेला. ग्रीक भाषेतील 'थिओडोर', फारसीतील 'खुदाबक्ष', हिब्रूतील 'नॅथॅनिएल' आणि रशिया-पोलंडकडील स्लाव लोकांतील 'बोगदान' या सर्वांचा अर्थ हाच आहे. देश निराळे, भाषा निराळ्या, धर्म निराळे. परंतु मूल हातात घेतल्यावर बापाच्या मनात आलेला विचार एकच!

वाराची नावेही अशीच जगभर आढळतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत सोमा, मंगरू, बुधाजी, सुकरू अशी नावे पूर्वी गावोगाव असत. त्यांवरून जन्माचा वार कळे. आफ्रिकेतील घाना देशात अकान लोकांतही हीच रीत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९९७ ते २००६ या काळातील सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नावातील 'कोफी' म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. आपल्या गावचा सुकरू आणि ते एकाच वारचे!

काही नावे ऐकून आजची मुले हसतात. दगडू, धोंडू, केरबा, भिका, उकंडा ही ती नावे. परंतु ती हसण्यासारखी नाहीत. ज्या घरी एकामागून एक मुले दगावत, त्या घरी पुढच्या मुलाला मुद्दाम ओंगळ किंवा क्षुद्र नाव देत, म्हणजे मृत्यूची अथवा दुष्ट शक्तीची नजर त्याच्यावर जाणार नाही. आपल्या तेलुगू पूर्वजांतही 'पेंटय्या' हे नाव होते. 'पेंट' म्हणजे उकिरडा. म्हणजे मराठीतील उकंडा तोच तेलुगूतील पेंटय्या. चीनच्या खेड्यांत 'कुत्र्याने टाकून दिलेला' अशा अर्थाचे नाव लाडक्या मुलाला देण्याची चाल होती. तेव्हा कोणाच्या पणजोबांचे नाव पेंटय्या असल्यास त्याने लाजू नये. त्या नावामागे त्यांच्या आधी गेलेली भावंडे आणि त्यांच्या आईचे अश्रू आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या बल्लारपूरकडे वळू. वर्धा नदीच्या तीरी वसलेले हे गाव म्हणजे मुळात एका माणसाचे नाव आहे. गोंड राजांच्या परंपरागत वंशावळीत 'बल्लाळ' हे नाव पुनःपुन्हा येते : भीम बल्लाळसिंग, खर्जा बल्लाळसिंग, सुर्जा बल्लाळसिंग, खांडक्या बल्लाळशहा. कर्नाटकातील होयसळ राजघराण्यातही बल्लाळ नावाचे राजे होऊन गेले. सुर्जा बल्लाळसिंगाला दिल्लीच्या बादशहाकडून 'शेरशहा' हा किताब मिळाला आणि तेव्हापासून या घराण्यात 'सिंग' जाऊन 'शहा' आला, अशी परंपरा आहे. शहा हा शब्द फारसी. म्हणजे जंगलातील गोंड राजाच्या नावात दक्षिणेचा बल्लाळ आणि इराणचा शहा शेजारी शेजारी बसले, आणि आपल्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवर ते दोघे आजही एकत्र नांदत आहेत. ताडोबाचे नावही वाघाशी झुंजताना पडलेल्या तारू नावाच्या गोंड पुढाऱ्यावरून आले, अशी कथा सांगतात. माणूस जातो, पण नाव गावाला आणि रानाला चिकटून राहते.

आपल्या पद्मशाली समाजाची मोठी शाखा गोदावरी व प्राणहिता यांच्या पलीकडून, करीमनगर-आदिलाबाद भागातून, इकडे आली. आपल्या वाडवडिलांची नावे हाच त्याचा पुरावा. राजय्या, राजव्वा ही नावे वेमुलवाड्याच्या राजराजेश्वराची, ज्याला तिकडे लोक प्रेमाने 'राजन्ना' म्हणतात. कोमरय्या हे नाव कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाचे, व्यंकटी हे तिरुपतीच्या वेंकटेशाचे, नरसय्या हे नरसिंहाचे, पोचय्या व पोचम्मा ही गावाच्या वेशीवरील पोचम्मा देवीची. नावाच्या शेवटी लागणारे 'अय्या' आणि 'अम्मा' हे पिता व माता यांचे वाचक शब्द. म्हणजे तान्ह्या मुलालाही बाप म्हणून आणि मुलीलाही आई म्हणून हाक मारावयाची, अशी त्या भाषेची गोडी आहे. ज्याच्या घराण्यात राजय्या, त्याचा देव वेमुलवाड्याचा. ज्याच्या घराण्यात कोमरय्या, त्याचा कोमुरवेल्लीचा. मुळगाव विसरले गेले असले, तरी नावाने दिशा दाखवून ठेवली आहे.

पुढे काळ बदलला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता, आणि नदीपलीकडचा राजुरा तालुका हैदराबाद राज्यात आदिलाबादकडे होता. १९६० साली महाराष्ट्र झाला. शाळा मराठी, कचेरी मराठी, बाजार मराठी. प्राथमिक शिक्षक म्हणून माझी अडतीस वर्षे गेली, तेवढ्यात दाखल-खारीज रजिस्टरे पुष्कळ हाताळावयास मिळाली. जुनी रजिस्टरे चाळताना हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. आजोबा नरसय्या, वडील नरसिंग, मुलगा नरेश. आजी राजव्वा, आई राजूबाई, मुलगी राजश्री. तीन पिढ्यांत एक समाज एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आला, आणि कोणी भाषण न करता, ठराव न करता आला. तरीही नावाचे पहिले अक्षर बहुतेकांनी जपले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज आरव, विहान, अनन्या ही नावे आपल्या घरांत आली आहेत. त्यात वावगे काही नाही. प्रत्येक पिढीने आपल्या आशेप्रमाणे नाव ठेवावे. फक्त ठेवलेल्या नावाचा अर्थ मुलाला सांगता यावा, एवढी अपेक्षा आहे.

येथवर सर्व सुखाचे झाले. आता या विषयातील जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो.

आपल्यापैकी अनेक घरांत वंशावळ लिहिलेली आहे. ती उघडून पाहावी. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सर्व नावे ओळीने आहेत. परंतु त्यांच्या पत्नींची नावे? बहुतेक वंशावळींत ती नाहीतच. जेथे आहेत तेथे सासरची आहेत. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले, आणि आईबापांनी बारशाला हौसेने ठेवलेले नाव त्या तांदळाबरोबरच पुसले गेले. लग्नात स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. ती केवळ रूढी. पुढे ती अमक्याची आई, तमक्याची आजी म्हणून जगली आणि गेली. श्राद्धाच्या वेळी पुरोहित पित्याच्या बाजूच्या तीन पिढ्यांबरोबरच माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही नावे विचारतात. त्या वेळी यजमान एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. शास्त्राला त्यांची आठवण आहे. विसरलो ते आपण!

ही उणीव आपलीच आहे असे नव्हे. प्राचीन रोमसारख्या बलाढ्य राष्ट्रात मुलीला स्वतःचे निराळे नाव बहुधा नसे. कुळाचे नाव हेच तिचे नाव. ज्यूलियस सीझरची आत्या ज्यूलिया, दोन्ही बहिणी ज्यूलिया आणि मुलगीही ज्यूलियाच. आपल्या गोंड राजघराण्याची वंशावळ पाहिली तर तीही पुरुषांचीच. तीत राणी हिराईचे नाव राहिले, कारण तिने पती वीरशहाची समाधी बांधली आणि दत्तक पुत्र रामशहा लहान असताना राज्य सांभाळले. दगडात बांधकाम केले म्हणून एका राणीचे नाव राहिले. ज्यांनी संसार बांधले त्यांची नावे गेली.

परंतु आपली परंपरा सर्वकाळ अशी नव्हती. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाला पित्याचे गोत्र ठाऊक नव्हते. त्याने गुरूला आपले नाव आईच्या नावाने, 'सत्यकाम जाबाल' असे, निर्भयपणे सांगितले, आणि गुरूने त्याच्या सत्यनिष्ठेवर संतुष्ट होऊन त्याला शिष्य केले. सातवाहन राजांनी तर आपल्या नावाआधी आईचे नाव लावले : गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आजही आहे. सातवाहनांची नाणी आपल्या पूर्वजांच्या करीमनगर भागात कोटिलिंगाल येथे सापडली आहेत. म्हणजे जो प्रदेश आपला मूळचा, त्यावर आईचे नाव लावणाऱ्या राजांचे राज्य होते. उलट आपले मूळपुरुष मार्कंडेय ऋषी, ज्यांच्या नावाने वैनगंगेच्या तीरी मार्कंडा हे क्षेत्र प्रसिद्ध आहे, त्यांचे नावच मुळी 'मृकण्डूचा पुत्र' अशा अर्थाचे. पित्याचे नाव पुत्राच्या नावात अमर झाले; त्यांची माता मरुद्वती हिचे नाव आपल्या समाजात किती जणांना ठाऊक आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

सुदैवाने आता वारा फिरला आहे. सातारा जिल्ह्यात नको असताना झालेल्या मुलींना 'नकोशी' हे नाव देत. त्यांपैकी दोनशेहून अधिक मुलींना २०११ साली समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. दगडू आणि नकोशी ही दोन्ही नावे वरवर सारखी दिसतात, पण दगडू हे नाव मूल जगावे म्हणून आणि नकोशी हे नाव पुढची मुलगी होऊ नये म्हणून. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुढे २०२४ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत 'स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव' या क्रमाने लिहावयाची. गौतमीपुत्राची रीत जवळजवळ दोन हजार वर्षांनी दाखल-खारीज रजिस्टरात परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

शासनाने पुढच्या पिढीची सोय केली. मागच्या पिढ्यांची आपणच केली पाहिजे. म्हणून समाजबांधवांस व भगिनींस नम्र विनंती अशी की, पुढील वर्षीच्या कुटुंबसूचीसाठी प्रत्येक घराने एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात. घरातील प्रत्येकाचे नाव व ते का ठेवले, घराण्याचे मुळगाव, आजोबा-पणजोबांची मूळ तेलुगू नावे, आणि घरात आलेल्या प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, माहेरच्या गावासह. हे काम उद्यावर टाकू नये. ज्यांना या गोष्टी ठाऊक आहेत त्या आजीबाई आज ऐंशी-नव्वदीच्या आहेत. त्यांच्याजवळ बसून हळूच विचारावे, "आजी, तुमच्या आईने तुमचे नाव काय ठेवले होते?" पुष्कळ वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसेल. मिळालेले उत्तर त्या सांगतील तसेच, त्यांच्याच उच्चाराप्रमाणे, लिहून घ्यावे. ते सुधारू नये, मराठीत फिरवू नये.

धाग्याला धागा जोडून वस्त्र होते आणि त्यात ताणा व बाणा दोन्ही लागतात, हे विणकराच्या लेकरांना सांगण्याची गरज नाही. आजवरच्या वंशावळींत आपण केवळ ताणा लावून ठेवला. बाणा भरण्याची बुद्धी सर्वांना होवो, हीच श्री मार्कंडेय महामुनी आणि माता मरुद्वती यांच्या चरणी प्रार्थना.