भीतीतून प्रौढत्वाकडे : ज्युलिएट आणि शारदा

शोकांतिकेतील तरुण नायिका भीती संपल्यावर प्रौढ होत नाही; भीती नेमकी कशाची, हे ओळखता आले की ती प्रौढ होते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’च्या चौथ्या अंकातील स्वगत याचा उत्तम दाखला आहे. चौदा वर्षेही न भरलेल्या ज्युलिएटवर नकोसे लग्न लादले जात आहे. ते टाळण्यासाठी पाद्री लॉरेन्सने दिलेल्या औषधाने ती 42 तास मृतवत झोपणार आहे.

या स्वगताचे तीन टप्पे पडतात.

पहिला, आधार सोडण्याचा. आई आणि दाई जाताच ती घाबरून त्यांना परत बोलावू पाहते. पण हे काम एकटीनेच करायचे आहे, हे तिला लगेच उमगते.

दुसरा, छाननीचा. औषध लागू पडले नाही तर? ती खंजीर जवळ ठेवते. रोमिओशी आपला गुप्त विवाह लावून दिल्याचे झाकण्यासाठी पाद्र्याने विषच दिले असेल तर? त्याची आजवरची सचोटी आठवून ती शंका दूर सारते. इथवर प्रत्येक शंकेला उत्तर मिळते.

तिसरा, निरुत्तर भीतीचा. थडग्यातून सोडवायला रोमिओ येण्याआधीच जाग आली तर? कोंदट तळघर, पूर्वजांची हाडे, रोमिओच्या हातून मेलेला मामेभाऊ टिबॉल्ट याचे ताजे प्रेत, आणि त्यात लागणारे वेड. शेवटी टिबॉल्टचे भूत रोमिओला शोधताना दिसते, तेव्हा ती त्याला थांबवू पाहते. स्वतःसाठीची भीती रोमिओच्या काळजीत बदलते आणि ती औषध पिते.

आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ (1899) नाटकात म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली शारदा आपल्या भीतीला पदातून वाचा फोडते. उचगावशेजारच्या कोल्हापुरात 1890 साली जन्मलेले केशवराव भोसले याच भूमिकेने लहान वयात गाजले. जीव द्यायला निघालेल्या शारदेला नाटकाचा तरुण नायक कोदंड वाचवतो. ज्युलिएटच्या वाट्याला तशी सुटका नाही. म्हणून शारदेची भीती समाजाला जाब विचारते, तर ज्युलिएटची भीती तिच्याच निर्णयाची कसोटी पाहते.

उचगावच्या शाळा-कॉलेजांतील ज्या मुली ज्युलिएटचे हे स्वगत रंगमंचावर सादर करतील, त्यांनी ते एकाच किंकाळीत उरकू नये. प्रत्येक शंकेनंतर विचाराला थोडी उसंत द्यावी. ज्युलिएटचे मोठे होणे त्या उसंतीतच प्रेक्षकांना दिसेल.