रेड वाइन : मुरण्याची क्षमता

काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून केलेल्या वाइनचा, बाटलीत वर्षानुवर्षे राहून चव व गंध पालटत जाण्याचा गुण (पहा : किण्वन, द्राक्ष).

याचा मापदंड फ्रान्समधील बोर्दो प्रदेशाने घालून दिला. तेथील १८५५ च्या वर्गवारीतील उत्तम वाइन अनेक दशके टिकतात. महाराष्ट्रात २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक परिसरात वाइननिर्मिती वाढली. अकलूजची ‘सेत्ते’ ही सांजोव्हेजे व काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची वाइन ओकच्या पिंपात मुरवतात.

सालीतील व बियांतील टॅनिन आणि रसाची आम्लता यांवर ही क्षमता अवलंबून असते. टॅनिनचे रेणू परस्परांशी व रंगद्रव्यांशी जोडले जातात. तुरटपणा मऊ होतो, तळाशी गाळ बसतो, जांभळट रंग विटकरी होतो. ताज्या फळांच्या वासाची जागा चामडे, तंबाखू, ओली माती यांचे गंध घेतात. नाशिकला द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. उन्हाने साखर लवकर चढते, आम्लता घटते; त्यामुळे तेथील बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यावी.

साठवणीस सु. १२ ते १४° से. स्थिर तापमान व अंधार लागतो. बूच ओले राहण्यासाठी बाटली आडवी ठेवतात. ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या उष्ण हवेत साध्या कपाटातील वाइन अकाली उतरते. तेथे दीर्घ साठवणीस तापमान-नियंत्रित कपाटच हवे (पहा : टॅनिने).