वस्ताद ते प्रशिक्षक

महाराष्ट्रात खेळ शिकवण्याचे काम मुळात तालमीतल्या वस्तादाचे. वस्ताद स्वतः कुस्त्या मारून नाव कमावलेला असे; वय झाले की तो पोरांना डाव शिकवायला बसे. हौद्यातली लाल माती चाळून तीत तेल, ताक, हळद आणि लिंबू मिसळून घेणे, जोर-बैठका काढून घेणे, खुराकावर नजर ठेवणे, तोलामोलाची जोड लावणे, हे सगळे त्याच्याच हाती. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसे. अमक्या वस्तादाचा पठ्ठा एवढी ओळख पुरत असे.

या कलेला शिक्षणसंस्थेचे रूप देण्यात अमरावती आघाडीवर होती. अनंत आणि अंबादास या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तिथे सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि व्यायामशिक्षक तयार करू लागले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला तोही याच बर्लिनमध्ये.

बास्केटबॉल जन्मला तोच शिक्षकाच्या हातून. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत तो रचला. पुढे कॅन्सस विद्यापीठात त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग ॲलन १९०७ मध्ये त्याच संघाचे प्रशिक्षक झाले आणि, मधला खंड वगळता, १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. कॉलेजचा खेळाडू कॉलेजचाच प्रशिक्षक होण्याची वाट अशी मळली. भारतात हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, तर पुरुषांची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली.

मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू केली. १९६१ मध्ये पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था आली आणि ‘एनआयएस’ पदविका ही प्रशिक्षकाची रीतसर ओळख ठरली.

सरकारी गौरव मात्र उशिरा सुरू झाला. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून दिला जाऊ लागला आणि पहिल्याच मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. १९९० मध्ये तो क्रिकेटचे रमाकांत आचरेकर यांना मिळाला. आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, तोही हैदराबादविरुद्ध. शिवाजी पार्कवर ते सचिन तेंडुलकरच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत: बाद करणाऱ्या गोलंदाजाला नाणे, आणि नाबाद राहिला तर सचिनला. स्वतः फार मोठा खेळाडू नसलेला माणूसही मोठे खेळाडू घडवू शकतो, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवले.

आज कॉलेज आणि विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे तर बी.पी.एड., एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचे तर एनआयएसची पदविका. तालमींत मात्र वस्तादांची परंपरा अजून चालू आहे, आणि तिथे आजही आधी विचारतात ते गुरूचे नाव.